तीन तासांचे औषध



ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी गोळ्यांच्या पाकिटावर वाचलेले असेल. पाळीत अंगावरून फार जाते म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ या गोळ्या देतात. घोळणा फुटून वारंवार रक्त येत असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर चिठ्ठीवर कधी कधी हेच नाव असते. चेहऱ्यावरच्या वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञही ते लहान मात्रेत देतात. अपघात विभागात आणि प्रसूतिगृहात हेच औषध शिरेतून दिले जाते.

औषध जुने आहे आणि स्वस्तही. १९६२ साली त्याचा पहिला शोधनिबंध छापला गेला. बाळंतपणात होणाऱ्या रक्तस्रावाने स्त्रिया मरू नयेत, हे ते शोधणाऱ्या डॉक्टर बाईंचे स्वप्न होते. पण बाळंतिणीचा जीव या औषधाने खरोखर वाचतो का, याचे खात्रीचे उत्तर मिळायला २०१७ साल उजाडले. म्हणजे मधे ५५ वर्षे गेली.

एवढा उशीर का झाला? त्या काळात औषधात काही बदल झाला नव्हता. बदलली ती आपली ते तपासून पाहण्याची पद्धत. या लेखात ती गोष्ट सांगतो. शेवटी तुमच्या रोजच्या उपयोगाच्या काही सूचनाही आहेत.

रक्त गोठते आणि विरघळतेही

भाजी चिरताना बोट कापले की काय होते ते आधी पाहू. कापलेली रक्तवाहिनी आकसते. डेंग्यूमुळे घरोघरी माहीत झालेल्या प्लेटलेट्स जखमेच्या तोंडाशी येऊन चिकटतात. पण हा बंदोबस्त कच्चा असतो. मग रक्तातील गोठण घटक एकामागून एक जागे होतात आणि फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे तयार होतात. या धाग्यांचे जाळे प्लेटलेट्सना घट्ट बांधून ठेवते. हीच गुठळी.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढची फारशी सांगितली जात नाही. जखम भरली की ती गुठळी काढून टाकावी लागते, नाहीतर रक्तवाहिनी कायमची तुंबेल. त्यासाठी शरीरात प्लाझ्मिन नावाचे विकर असते. ते फायब्रिनचे धागे कापते आणि गुठळी विरघळवते. हार्ट ॲटॅकच्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले, असे तुम्ही ऐकले असेल. ते इंजेक्शन याच यंत्रणेला कामाला लावते.

म्हणजे रक्तात गुठळी बांधणारे आणि गुठळी मोडणारे असे दोन्ही कारागीर असतात. एरवी त्यांचा तोल सांभाळलेला असतो. पण मोठा अपघात झाला किंवा बाळंतपणात जोराचा रक्तस्राव सुरू झाला, तर हा तोल बिघडू शकतो. मोडणारा कारागीर गरजेआधीच कामाला लागतो. शरीर एकीकडून बांध घालत असते आणि दुसरीकडून तोच बांध पोखरला जात असतो. वरून कितीही रक्त चढवले तरी ते वाहून जाते.

प्लाझ्मिन धाग्यावर बसते कसे? फायब्रिनच्या धाग्यावर लायसिन या अमिनो आम्लाच्या जणू बारीक खुंट्या असतात. प्लाझ्मिन ज्यापासून बनते त्या प्लाझ्मिनोजेनला या खुंट्यांच्या मापाच्या खोबणी असतात. खोबण खुंटीवर बसली की ते धाग्याला चिकटते आणि कापण्याचे काम सुरू होते. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचा रेणू दिसायला लायसिनसारखाच आहे. तो खोबणीत आधीच जाऊन बसतो. जागा भरलेली असल्यामुळे खुंटीवर पकड बसत नाही आणि धागा कापला जात नाही.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हे औषध नवी गुठळी बनवत नाही. शरीराने बनवलेली गुठळी टिकवून धरते. या लेखातील पुढचे बरेच काही या एका फरकावर अवलंबून आहे.

युद्धानंतरचे टोकियो

उताको ओकामोतो यांचा जन्म १९१८ साली टोकियोत झाला. आधी त्यांनी दंतवैद्यकाकडे पाऊल टाकले होते, मग त्या वैद्यकाकडे वळल्या. टोकियोतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९४१ साली त्या डॉक्टर झाल्या. जपान त्याच वर्षी महायुद्धात उतरला. सुरुवातीला त्या मेंदूच्या कार्यावर संशोधन करत होत्या. युद्ध संपल्यावर त्या टोकियोच्याच केईओ विद्यापीठात आल्या आणि पती शोसुके ओकामोतो यांच्याबरोबर काम करू लागल्या.

हरलेल्या, जळून बेचिराख झालेल्या त्या शहरात प्रयोगशाळेला लागणारी साधी सामग्रीही मिळत नव्हती. या जोडप्याने संशोधनासाठी रक्त हा विषय निवडला. त्यामागचे एक कारण अगदी व्यवहारी होते. दुसरे काही मिळाले नाही तरी स्वतःचे रक्त काढून प्रयोग करता येतो, असे उताकोबाईंनी उतारवयातील एका मुलाखतीत सांगितले.

पण रक्तातले नेमके काय शोधायचे? त्यांच्या नजरेपुढे बाळंतिणी होत्या. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे त्या काळी जपानमध्ये मातांच्या मृत्यूचे मोठे कारण होते. गुठळी विरघळण्याची क्रिया रोखली तर हा रक्तस्राव आटोक्यात येईल, असा त्यांचा विचार होता.

प्लाझ्मिनला अडवेल असे रसायन शोधताना त्यांना लायसिनमध्ये तो गुण सापडला, पण अगदी कमी. मग त्यांनी लायसिनच्या जवळची रसायने तपासायला घेतली. त्यातून १९५०च्या दशकात एप्सिलॉन अमिनोकॅप्रॉइक ॲसिड हे औषध मिळाले. ते लायसिनपेक्षा बरेच प्रभावी होते, पण त्याची मात्रा मोठी लागे. ओकामोतो दांपत्य तिथे थांबले नाही. आणखी काही वर्षांच्या खटपटीनंतर, १९६२ साली, त्यांनी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडवरचा निबंध प्रसिद्ध केला. आधीच्या औषधापेक्षा हे २७ पट प्रभावी असल्याचे त्यांनी नोंदवले.

हे सगळे चालले असताना घरात एक लहान मुलगी होती. पाळणाघराची सोय नव्हती. मुलीला पाठीवर बांधून उताकोबाई प्रयोगशाळेत उभ्या राहत. पुरुष सहकाऱ्यांनी भरलेल्या सभेत त्या पहिल्यांदा आपले काम मांडायला उभ्या राहिल्या, तेव्हा आता नाच करून दाखवणार का, अशी थट्टा झाली. एका परिषदेतून तर बायकामुलांचे इथे काम नाही म्हणून त्यांना बाहेर जायला सांगण्यात आले. ती परिषद बालरोगांवरची होती!

औषध मिळाले, उत्तर नाही

१९६०च्या दशकातच ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड बाजारात आले. युरोपात, विशेषतः स्वीडनमध्ये, पाळीच्या अतिरक्तस्रावासाठी त्याचा अभ्यास झाला आणि वापर सुरू झाला. अमेरिकेत १९८६ साली त्याला परवानगी मिळाली ती हिमोफिलियाच्या रुग्णांचे दात काढताना वापरण्यासाठी. पुढे हृदयाच्या आणि सांध्यांच्या शस्त्रक्रियांतही रक्त कमी जावे म्हणून ते दिले जाऊ लागले.

ज्यांच्यासाठी ते शोधले होते त्या बाळंतिणींचे काय? १९६६ साली उताकोबाई कोबे शहरात प्राध्यापक म्हणून गेल्या. तिथल्या प्रसूतितज्ज्ञांनी या औषधाची चाचणी घ्यावी असा त्यांचा प्रयत्न होता. तो फळाला आला नाही. १९९० साली त्या निवृत्त झाल्या तेव्हाही प्रश्न तसाच होता.

डॉक्टर मंडळींच्या सावधपणालाही कारण होते, हे मान्य करायला हवे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर स्त्रीच्या रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. अशा स्त्रीला गुठळी टिकवणारे औषध द्यायचे, आणि तेही पक्क्या पुराव्याशिवाय? भीती रास्त होती. ती खरी आहे की नुसतीच शंका, हे तपासायला मात्र कोणी पुढे येत नव्हते. औषध जुने होत गेले, तसे त्यावर मोठा खर्च करून मोठी चाचणी घेण्यात कंपन्यांना फायदा उरला नाही.

तुम्ही विचाराल, एखाद्या अनुभवी डॉक्टरने वापरून पाहिले असते तर कळले नसते का? नसते कळले. समजा एखाद्या आजारात हजारातले १७ रुग्ण दगावतात आणि औषधाने ते १२ वर येतात. म्हणजे हजारामागे पाच जीव वाचले. जगभराचा हिशेब मांडला तर हा आकडा फार मोठा होतो. पण एकट्या डॉक्टरच्या हातून असे हजार गंभीर रुग्ण जायला कित्येक वर्षे लागतील, आणि तोवर १७ आणि १२ मधला फरक त्याच्या आठवणीत कुठेच उमटलेला नसेल. वाचलेला रुग्ण औषधाने वाचला की एरवीही वाचला असता, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते. पंचवीस-तीस वर्षे प्रॅक्टिस केलेल्या माझ्यासारख्या माणसालाही डोळ्यांनी हा फरक दिसणार नाही. तो मोजूनच कळतो, आणि मोजायचा तर हजारो रुग्ण लागतात.

वीस हजार जखमी

हे मोजण्याचे काम हाती घेतले लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेने. इयन रॉबर्ट्स आणि हलीमा शकूर यांच्या नेतृत्वाखाली क्रॅश-२ ही चाचणी झाली. तिथे प्रश्न बाळंतिणींचा नव्हता, अपघात आणि मारहाणीत जखमी होऊन रक्तस्राव होणाऱ्यांचा होता.

४० देशांतील २७४ रुग्णालयांतून २०,२११ जखमी प्रौढ या चाचणीत आले. भारतातील रुग्णालयांचा यात मोठा वाटा होता. पद्धत अशी. प्रत्येक रुग्णाला नेहमीचे सर्व उपचार मिळालेच. त्याशिवाय सारख्याच दिसणाऱ्या पाकिटांतून एक पाकीट उघडले जाई. त्यात औषध आहे की नुसते सलाईन, हे ना रुग्णाला माहीत, ना नर्सला, ना डॉक्टरला. जणू चिठ्ठी टाकून निवड व्हावी तशी. त्यामुळे दोन्ही गट वयाने, जखमेच्या गंभीरपणाने, सगळ्याच बाबतीत सारखे झाले. मग शेवटी जो फरक दिसेल तो औषधाचाच.

निकाल २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. नुसते सलाईन मिळालेल्यांपैकी १६ टक्के रुग्ण दगावले, औषध मिळालेल्यांपैकी १४.५ टक्के. आणि ज्याची भीती होती, त्या हार्ट ॲटॅक, पक्षाघात किंवा फुप्फुसातील गुठळ्या औषधाच्या गटात वाढल्या नव्हत्या. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध जखमींच्या रक्तस्रावासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

संशोधकांनी याच आकड्यांकडे २०११ साली पुन्हा एकदा पाहिले, या वेळी वेळेच्या हिशेबाने. जे समोर आले ते पाहा. जखम झाल्यापासून एका तासाच्या आत औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने मरण्याचे प्रमाण ७.७ टक्क्यांवरून ५.३ टक्क्यांवर आले होते. एक ते तीन तासांत मिळाले तर ६.१ वरून ४.८ वर. आणि तीन तास उलटून गेल्यावर दिले तर? ३.१ वरून ते ४.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे उशिरा दिलेले औषध उपयोगी पडले नाहीच, उलट घातक ठरल्याचे दिसले.

तेच औषध, तीच मात्रा, आणि घड्याळाप्रमाणे परिणाम उलटा. 'रक्त थांबत नाही ना, मग देऊन तर पाहू' हा विचार का चालत नाही, हे या एका हिशेबातून कळते.

वीस हजार आया

आता पाळी बाळंतिणींची होती. प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झालेल्या स्त्रियांसाठी याच गटाने 'वुमन' नावाची चाचणी २०१० साली सुरू केली. मूळ आराखडा १५,००० स्त्रियांचा होता, तो पुढे २०,००० वर नेला. २१ देशांतील १९३ रुग्णालयांतून २०,०६० स्त्रिया सहभागी झाल्या. आफ्रिका आणि आशियातील गरीब देशांतील स्त्रिया त्यात मोठ्या संख्येने होत्या, कारण बाळंतपणातले मृत्यूही तिथेच जास्त आहेत.

चाचणी चालू असताना रॉबर्ट्स जपानला जाऊन उताकोबाईंना भेटले. तेव्हा त्या नव्वदी ओलांडलेल्या होत्या. शोसुके २००४ सालीच गेले होते. औषध गुणकारी ठरेल याविषयी बाईंच्या मनात शंका नव्हती. पण शोधणाऱ्याची खात्री हा पुरावा नसतो.

चाचणीतील स्त्रियांची नोंदणी एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण झाली. त्याच महिन्यात, २१ एप्रिलला, उताको ओकामोतो वयाच्या ९८व्या वर्षी वारल्या. निकाल 'लॅन्सेट'ने एप्रिल २०१७ मध्ये छापला. तो त्यांनी पाहिला नाही.

निकाल असा होता. रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.९ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आले. प्रसूतीपासून तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या स्त्रियांत ते १.७ वरून १.२ टक्क्यांवर आले, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाले. वर मी हजारात १७ आणि १२ हे आकडे मुद्दामच घेतले होते. गुठळ्यांचे दुष्परिणाम वाढले नाहीत. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मात्र कमी झाल्या नाहीत. त्यामागे एक कारण असे, की अनेक ठिकाणी ती शस्त्रक्रिया करण्याचा निर्णय औषधाचा परिणाम दिसण्याआधीच घ्यावा लागत होता.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली. प्रसूतीनंतर जास्त रक्तस्राव झाला तर नेहमीच्या उपचारांबरोबरच, तीन तासांच्या आत आणि शक्य तितक्या लवकर, एक ग्रॅम ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड शिरेतून सावकाश द्यावे. आधी ते बाकीचे उपाय थकल्यावरचे औषध होते, आता पहिल्या फळीत आले.

२०१८ साली जखमी आणि बाळंतिणी मिळून ४०,१३८ रुग्णांचा एकत्र हिशेब झाला. औषध द्यायला १५ मिनिटे उशीर झाला की त्याचा फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटतो, आणि तीन तासांनंतर काहीच उरत नाही, असे त्यातून निघाले. या लेखाला 'तीन तासांचे औषध' हे नाव त्यावरूनच दिले.

किती रक्त गेले?

औषध लवकर द्यायचे, तर रक्तस्राव जास्त होतो आहे हे लवकर कळायला हवे. बाळंतपणात थोडे रक्त जाणारच. मग 'थोडे' कुठे संपते? डोळ्यांनी लावलेला अंदाज बहुधा कमी भरतो. कपड्यात, कापसात, गादीत किती मुरले ते दिसत नाही.

या बाबतीत आपल्या शेजारच्या बेळगावचे नाव अभिमानाने घ्यायला हवे. या शतकाच्या सुरुवातीला बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाने आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून एक चाचणी केली. बाळंतपणे करणाऱ्या होत्या खेड्यातल्या नर्सबाई. प्रसूतीनंतर मिसोप्रोस्टॉलची गोळी दिल्याने रक्तस्राव टळतो का, हा प्रश्न होता. १,६२० स्त्रियांच्या या चाचणीत जास्त रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. रक्त नेमके मोजण्यासाठी त्यांनी एक साधे साधन वापरले. बाळंतिणीखाली घालायचे प्लास्टिकचे कापड, त्याला खाली नरसाळ्यासारखी पिशवी, आणि पिशवीवर मापाच्या रेघा. रक्त किती गेले ते नर्सला नुसते वाचता येते.

या तऱ्हेच्या मापाच्या पिशवीचे मोल पुढे आणखी कळले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत एक मोठा अभ्यास झाला आणि तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. पिशवीने रक्त मोजायचे, आणि जास्त दिसताच गर्भाशय चोळणे, गर्भाशय आकुंचन पावणारी औषधे, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी हे सारे एकदमच सुरू करायचे. जिथे असे केले तिथे गंभीर परिणामांचे प्रमाण १.६ टक्के राहिले, आणि जिथे नेहमीची पद्धत होती तिथे ४.३ टक्के.

जिथे उत्तर 'नाही' आले

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मग कुठलाही रक्तस्राव असो, हेच औषध द्यावे. बऱ्याच डॉक्टरांनाही तसेच वाटत होते. म्हणून पुढच्या चाचण्यांचे निकाल तितकेच महत्त्वाचे आहेत.

अल्सरमुळे किंवा यकृताच्या आजारामुळे पोटात, आतड्यात रक्तस्राव होऊन रक्ताची उलटी होते किंवा शौचाला डांबरासारखे काळे होते. अशा १२,००९ रुग्णांवर 'हॉल्ट-इट' ही चाचणी झाली. निकाल २०२० साली आला. रक्तस्रावाने होणारे मृत्यू औषधाने कमी झाले नाहीत. एका गटात ३.७ टक्के, दुसऱ्यात ३.८. उलट शिरांतील गुठळ्या ०.४ वरून ०.८ टक्क्यांवर गेल्या आणि फिट येण्याचे प्रमाणही थोडे वाढले. या रुग्णांना औषध जास्त मात्रेत आणि २४ तास दिले होते, शिवाय अनेकांचा रक्तस्राव सुरू होऊन बराच वेळ गेला होता.

दुसरा प्रश्न असा, की रक्तस्राव सुरू होण्याची वाट कशाला पाहायची? अंगात रक्त कमी असलेल्या प्रत्येक बाळंतिणीला प्रसूती होताच औषध दिले तर? पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबिया येथील १५,०६८ स्त्रियांवर हे पाहिले गेले. २०२३ साली उत्तर आले. जास्त रक्तस्रावाचे प्रमाण औषधाच्या गटात ७ टक्के आणि सलाईनच्या गटात ६.६ टक्के. म्हणजे फायदा नाही.

हे निकाल वाचून निराश होण्याचे कारण नाही. मागे सांगितलेला फरक आठवा. हे औषध गुठळी बनवत नाही, टिकवते. जिथे गुठळी अकाली विरघळते आहे, तिथे आणि त्या वेळीच त्याचा उपयोग. 'कुठे द्यावे' याइतकेच 'कुठे देऊ नये' हे कळणेही रुग्णाच्या हिताचे असते.

तुमच्यासाठी काही सूचना

पाळीत जास्त जात असेल तर आधी कारण शोधा. गर्भाशयातील गाठी, थायरॉइड, रक्त गोठण्याचे जन्मजात दोष, चाळिशी-पंचेचाळिशीनंतर गर्भाशयाच्या अस्तरातील बदल, अशी अनेक कारणे असतात. हिमोग्लोबिन तपासा. गोळ्या सहसा जास्त स्रावाच्या तीन-चार दिवसांपुरत्याच असतात. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर किंवा दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेऊ नका.

ही गोळी लिहून घेताना डॉक्टरांना पुढील गोष्टी न विचारता सांगा. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का, हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात झाला होता का, गर्भनिरोधक किंवा इतर हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, मूत्रपिंडाचा आजार आहे का, कधी फिट आली होती का, लघवीतून रक्त जाते का. वांगासाठी गोळी घेणाऱ्यांनीही हे सांगायला हवे. औषध चालू असताना एका पायाला सूज आणि दुखणे, अचानक धाप, छातीत दुखणे किंवा दिसण्यात बदल जाणवला तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा.

अपघातात रक्त वाहत असेल तर जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरा. मधे मधे उचलून पाहू नका. १०८ ला फोन करा. अपघात नेमका किती वाजता झाला ते लक्षात ठेवा आणि रुग्णालयात पोहोचताच सांगा. ही एक माहिती डॉक्टरांना फार मोलाची असते, का ते आता तुम्हाला माहीत आहे.

घरात बाळंतपण यायचे असेल तर ते रुग्णालयातच होऊ द्या. गरोदरपणातच हिमोग्लोबिन वाढवा, रक्तगट माहीत करून ठेवा. बाळ झाल्याच्या आनंदात आईकडे दुर्लक्ष होते. पहिले काही तास कोणीतरी तिच्याजवळ बसा. पॅड भराभर भिजत असेल, तिला घाम फुटत असेल, चक्कर येत असेल, ती गप्प गप्प होत असेल, तर 'बाळंतपणात जातेच थोडे' असे म्हणत बसू नका. नर्सला त्याच क्षणी बोलवा. घरी आल्यावर असे झाले तर थेट रुग्णालय गाठा.

आणि शेवटची एक गोष्ट. कधी तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला एखाद्या चाचणीत सहभागी व्हाल का, असे विचारले गेले तर लगेच 'आमच्यावर प्रयोग करताहेत' असे मनात आणू नका. प्रश्न विचारा. परवानगी कोणाची आहे, धोका काय, नेहमीचे उपचार मिळणार ना, मधेच बाहेर पडता येईल ना, हे सगळे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पटले तर हो म्हणा, नाही पटले तर नको म्हणा. आज प्रसूतिगृहाच्या कपाटात ते छोटे इंजेक्शन खात्रीने ठेवता येते, त्यामागे उताकोबाईंचे कष्ट आहेतच. पण अंगावरून रक्त जात असताना २०,०६० स्त्रियांना, किंवा बोलण्याच्या अवस्थेत नसलेल्यांच्या घरच्यांना, विचारले गेले आणि त्यांचा मोजमापात समावेश झाला, म्हणून ही खात्री आली. त्यांची नावे कुठे छापलेली नाहीत. पुढच्या बाळंतिणीला मात्र त्यांचा उपयोग होतो आहे.